वायडी लागली, बॅच निघून गेली, आता लोकांना काय सांगायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपड्याकडचा मुलगा, जळगावला मेकॅनिकल. सेकंड इयरचा एम थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर राहिला, त्यामुळे वायडी म्हणजे इयर डाऊन लागली, पुढच्या वर्षाला प्रवेश नाही, मग अजून एक वर्ष गेलं आणि आता सहावं वर्ष चालू आहे. बरोबरचे सगळे पुण्याला लागले. घरी वडिलांना, नानांना वाटतं एकच विषय राहिलाय, खरे तीन आहेत. गावी जायचं टाळतो, श्रावणात कानबाईला, आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाला पण गेला नाही, आणि आता आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास चुलत बहिणीचं लग्न आहे. तो म्हणतो, मॅडम, अभ्यासाचं मी बघून घेईन, पण ह्या लोकांचं काय करू.

मी जळगावात कॉलेजच्या मुलामुलींचं समुपदेशन करते, त्याआधी बरीच वर्षं इंजिनिअरिंगला गणितच शिकवलं, त्यामुळे एम थ्रीत अडकलेली पोरं मी वर्गातही बघितलीत आणि नंतर खुर्चीत समोर बसून रडतानाही बघितलीत. "अभ्यासाचं मी बघून घेईन" हे तुझं वाक्य मला जरा खटकलं, त्यावर येते पुढे.

आधी हे सांगते की लोकांकडे लक्ष देऊ नको असं मी तुला म्हणणार नाही. आपल्याकडे राहून ते कोणालाच जमत नाही. बस स्टँडवर उतरल्यापासून घराच्या ओट्यापर्यंत चार जण विचारतात, काय रे भो, आजून शिकीच ऱ्हायना का? आणि त्यातल्या तिघांना खरंतर उत्तरात काही इंटरेस्ट नसतो, बोलायला विषय पाहिजे म्हणून विचारतात, पण ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतोच. बर्नीस न्यूगार्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाई होत्या, त्यांनी १९६० च्या दशकात सोशल क्लॉक अशी कल्पना मांडली, म्हणजे कोणत्या वयात काय झालं पाहिजे याचं प्रत्येक समाजाचं एक घड्याळ असतं आणि माणूस त्यावर स्वतःला लवकर का उशिरा ते तपासत राहतो. आपल्याकडचं घड्याळ तुला माहितीच आहे, बारावी, डिग्री, नोकरी, लग्न, वावरात बोअर नाहीतर गावात स्लॅबचं घर. दुसरीकडे हेच घड्याळ वेगळं चालतं. अमेरिकेत चार वर्षाच्या डिग्रीचा पास होण्याचा सरकारी आकडा सहा वर्षाच्या हिशोबाने मोजतात, म्हणजे सहा वर्षात पूर्ण केली तरी तो मुलगा पूर्ण केलेल्यांतच धरतात. कोरियात पोरं चांगली नोकरी लागेपर्यंत मुद्दाम डिग्री लांबवतात. हे तुझ्या समाधानासाठी नाही सांगत, चोपड्यात कोरियाचं उदाहरण देऊन काही उपयोग नाही, फक्त एवढं कळावं की उशीर हा दोष तुझ्या अंगात नाहीये, तो कुठल्या गावात उभं राहून मोजतोय त्यावर आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. इतक्या मुलांशी बोलून माझं पक्कं मत झालंय की गेलेल्या वर्षाने जेवढं नुकसान होतं त्यापेक्षा ते वर्ष लपवण्याने जास्त होतं. तुझंच बघ. नानांना एक विषय माहिती, मामांना सांगितलं असेल की प्रोजेक्ट चालू आहे, गावातल्या मित्राला सांगितलं असेल पुण्याला क्लास लावलाय, रूम पार्टनरला खरं माहिती. म्हणजे कोणाला काय सांगितलंय याचा हिशोब डोक्यात सतत चालू, फोन वाजला की आधी हे आठवायचं की याच्याकडे आपली कोणती गोष्ट आहे. एवढं डोकं तिकडे खर्च झाल्यावर एम थ्रीतल्या लाप्लासला काय उरणार. आणि गंमत म्हणजे लपवताना आपण नेमकं त्याच माणसांपासून लांब जातो ज्यांच्याकडून काम होणार असतं, म्हणजे विषयाचे सर, नोट्स असलेला मित्र, परीक्षा विभागातले भाऊ. एक प्रकार तर मी दरवर्षी बघते, पोरगं एक्झाम फॉर्मच भरत नाही. का, तर फॉर्मवर सही घ्यायला डिपार्टमेंटला जावं लागतं, आणि तिथे शिपाईकाका सगळ्यांसमोर म्हणतात, अरे तू अजून इथंच का. त्या एका वाक्याला घाबरून सहा महिने जातात. अभ्यास झालेला असतो हं काहींचा. फॉर्मच नसतो.

म्हणून पहिलं काम नानांना खरं सांगायचं. मला माहितीये की हेच तुला नको आहे. पण बाकी सगळे उपाय ह्याच्यानंतर चालतात, आधी चालत नाहीत. कसं सांगायचं ते नीट सांगते. फोनवर नको. लग्नाच्या गडबडीत तर अजिबात नको, लग्नाच्या निदान दोन-तीन आठवडे आधी जा, म्हणजे त्यांना पचवायला वेळ मिळेल आणि मांडवात त्यांचा चेहरा पडलेला नसेल. केळीची गाडी भरायची असेल किंवा भावावरून व्यापाऱ्याशी वाजलं असेल त्या दिवशी नको. संध्याकाळी जेवण झाल्यावर, आई असताना. मार्कशीट सगळ्या सोबत ने, झेरॉक्स नाही, ओरिजिनल. आणि सुरुवात "नाना तुम्ही रागावू नका" अशी करू नको, त्याने माणूस आधीच रागवायला तयार होतो. सरळ आकडा. "नाना, मी एक विषय राहिला सांगितलं होतं, तीन राहिलेत. हे तीन. दोन ह्या उन्हाळी परीक्षेला देतोय, एक हिवाळीला. निकाल लागला की डिग्री." मग गप्प बस. ते बोलतील, ओरडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तीन वर्षं फसवलं असं म्हणतील, त्यावर वाद घालू नको कारण ते खरंच आहे. पण माझ्या अनुभवात बहुतेक शेतकरी बापाला नापास होणं समजतं, पीक गेलं तर पुन्हा लावायचं हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. त्याला लागतं ते खोटं. वडील फारच तापट असतील, हात उचलणारे असतील, तर आधी मामा किंवा मोठ्या काकांना विश्वासात घे आणि त्यांना सोबत बसव, आपल्याकडे मामाचं वजन अजून आहे, त्याचा वापर कर.

आणि पैशाचं पण त्याच बैठकीत बोल. फी किती, रूमचं भाडं किती, मेस किती. सहाव्या वर्षी घरून पैसे मागायची जी लाज आहे ना ती लोकांच्या बोलण्यापेक्षा मोठी असते असं मला वाटतं, पोरं ती बोलून दाखवत नाहीत. जळगाव एमआयडीसीत चटईची, पाइपची युनिट आहेत, डाळ मिल आहेत, तिथे मेंटेनन्सला हाताखाली मेकॅनिकलचा पोरगा लागतोच, विचारून बघ. तीन विषयाला पूर्ण दिवस लागत नाही. माझ्याकडे येणारा एक जण असाच चटईच्या युनिटला दुपारपर्यंत जायचा, हीटर गेला की बदलायचा, मशीनचं ग्रीसिंग बघायचा, पगार फार नव्हता, मेसचा आणि भाड्याचा खर्च सुटायचा एवढंच. पण गावात कोणी विचारलं की त्याच्याकडे सांगायला काहीतरी होतं आणि ते खरं होतं. बोलताना त्याची मान वर असायची, हा फरक मी डोळ्यांनी बघितलाय.

लग्नाचं. जायचं. न गेल्याने जास्त चर्चा होते, "तो आला नाही का, काय झालं" यावर मग आख्खा मांडव बोलतो. एक वाक्य ठरवून जा आणि सगळ्यांना तेच सांग, काकालाही आणि काकाच्या साडूलाही. "दोन-तीन विषय राहिलेत, ह्या परीक्षेला देतोय, सोबत एमआयडीसीत काम बघतोय." बास. कारणं द्यायची नाहीत, पेपर अवघड होता, चेकिंग नीट नाही, सर बरोबर नव्हते, हे सुरू झालं की समोरच्याला पुढचा प्रश्न मिळतो. वाक्य संपलं की लगेच आपण विचारायचं, काका केळी काढली का यंदा, भाव काय लागला? मी हसत नाहीये, खरंच सांगते. रावेर, यावल, चोपडा ह्या पट्ट्यात केळीचा भाव विचारल्यावर तुझ्या डिग्रीत कोणाला रस राहत नाही, अर्धा तास तो माणूस व्यापाऱ्यांना शिव्या देतो आणि तू मोकळा. धुळ्याकडे कापूस विचार. हे वाक्य आरशासमोर नाही, रूम पार्टनरसमोर दहादा म्हणून बघ, त्याला मुद्दाम खवचट प्रश्न विचारायला लाव. पहिल्यांदा आवाज कापतो, नंतर सवय होते.

एखादा असतोच जो चारचौघात टोमणा मारतो, "आमचा पोऱ्या तर चार वर्षात झाला बुवा." त्याला म्हणायचं, छान झालं, कुठे आहे तो आता? आणि ऐकून घ्यायचं. त्याला त्याच्या पोराचं सांगायचंच होतं, सांगू दे.

ज्युनिअरसोबत बसायचं हा वेगळा त्रास आहे आणि तो रोजचा आहे. ज्यांची तू फ्रेशर्सला ओळख परेड घेतली ते आता तुझ्या बेंचवर. मी बघते की पोरं तीन प्रकारे वागतात, एक तर मागच्या बेंचवर जाऊन बसतात आणि अटेंडन्स झाली की गायब, दुसरे स्वतःचीच टिंगल करतात, आपण काय बाबा इथलेच परमनंट स्टाफ, असं. हसण्यावारी नेणं सुरुवातीला बरं असतं पण वर्षभर तेच केलं की बाकीचे पण तुला तेवढंच समजायला लागतात, आणि हळूहळू तूही. तिसरा प्रकार कमी दिसतो, पण टिकतो तोच. तुझे जे विषय चांगल्या मार्काने सुटलेत, समज थर्मो असेल, तो चार ज्युनिअरला शिकव. रूमवर, रात्री, चहा त्यांचा. बदल्यात त्यांच्याकडून एम थ्रीच्या चालू नोट्स घे. महिनाभरात नाव बदलतं, वायडीवाला दादाचा थर्मोवाला दादा होतो.

बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोडू का असंही तू विचारलंयस. सोडू नको, म्यूट कर. सोडला की अॅडमिनला कळतं आणि त्यावरून पुन्हा फोन येतात. दिवाळीत सगळे गावी येतात, थंडीत भरीत पार्टी ठरते, तेव्हा एकदा जाऊन ये. सगळ्या बॅचला तोंड द्यायची गरज नाही, त्यातले दोघं निवड ज्यांना सगळं खरं माहिती असेल, बाकीच्यांना ते वरचं एक वाक्य पुरे.

आता ते "अभ्यासाचं मी बघून घेईन". तीन-चार वेळा तोच पेपर गेला असेल तर बघून घेणं चालू नाहीये. लाजेमुळे एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे स्वतःचा पेपर बघणं. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, निकालानंतर मुदतीत अर्ज आणि फी भरून, आणि मुलं ती मागवतात पण फक्त रिव्हॅल्युएशनसाठी, दोन मार्क वाढतील का ह्या आशेने. मी सांगते पास व्हायची आशा नसली तरी मागव. एक मुलगा माझ्याकडे फोटोकॉपी घेऊन आला होता, चौथ्यांदा गेलेला. त्याचं म्हणणं मला लाप्लास येतच नाही. आम्ही पानं उलटली. पहिली पाच पानं फुरिअरचा एकच प्रश्न, दोनदा खोडलेला, तिथे तास गेला असणार, मार्क तीन. लाप्लास शेवटी, घाईत, आणि ते जवळजवळ बरोबर होतं, पार्शिअल फ्रॅक्शन करताना एक चिन्ह चुकलं म्हणून पुढचं सगळं वाकडं गेलेलं. व्हेक्टरचा सोपा प्रश्न सोडलेलाच नव्हता, वेळ नव्हता. म्हणजे जे त्याला येत नाही असं तो तीन वर्षं सांगत होता तेच त्याला येत होतं. क्रम बदलला, फुरिअर शेवटी ठेवला, आणि पार्शिअल फ्रॅक्शन रोज सकाळी पाच गणितं, बाकी काही नाही. सुटला तो. काठावर, पण सुटला. सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही, काहींचा पाया खरंच अकरावीपासून कच्चा असतो आणि तिथून सुरुवात करावी लागते, पण पेपर बघितल्याशिवाय हे कळणार कसं.

दुसरं, नियम स्वतः वाच. मित्राने सांगितलेले नकोत. तुझं कॉलेज उमविला (आताचं बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) आहे का लोणेऱ्याच्या बाटूला (बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ) जोडलेलं, त्यावर एटीकेटीचे आणि कमाल मुदतीचे नियम बदलतात, आणि तुझा पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रम जुना होऊन बंद झाला असेल तर समकक्ष विषय कोणता धरलाय ते परीक्षा विभागातून लेखी घ्यायचं. एक-एक वर्ष पुढे ढकलत मुदत संपत आली आणि पोराला पत्ताच नाही असं होतं. बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांसाठी नवीन शैक्षणिक धोरणात दारं जास्त उघडी आहेत, एक वर्षावर सर्टिफिकेट, दोनवर डिप्लोमा, तीनवर डिग्री, चौथ्यावर ऑनर्स, मधे थांबून परत येता येतं, क्रेडिट बँकेत क्रेडिट जमा राहतात, फक्त सगळं सात वर्षाच्या आत. २०२४ च्या नोव्हेंबरमधे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) तर मुद्दाम सावकाश डिग्री करायची सोय जाहीर केली, जास्तीत जास्त दोन सेमिस्टर वाढवून घेता येतील अशी, आणि नोकरीसाठी ती डिग्री नेहमीसारखीच धरायची. म्हणजे कागदावर उशीर हा आता गुन्हा राहिला नाही. कागदावरचं ओट्यावर यायला वेळ लागेल. जाता जाता, आपल्या विद्यापीठाला २०१८ ला बहिणाबाईंचं नाव दिलं, त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं, आणि त्यांच्या नावाच्या मार्कशीटवर आपण पोराची लायकी ठरवतो. असो.

नोकरीत फरक पडतो का, तर हो, पडतो, ह्यात गोड बोलण्यात अर्थ नाही. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दहावीपासून साठ टक्के आणि चालू बॅकलॉग नको म्हणतात, काही जण शिक्षणात दोन वर्षापेक्षा जास्त गॅप चालवत नाहीत. ते दार बंद आहे असं धरून चाल. पण दार किती आहेत ते पण मोज. एमपीएससीला डिग्री लागते, ती किती वर्षात झाली हे अटीत नाही, राज्यसेवेची वयोमर्यादा अराखीवला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, दोन वर्षाने तिथे काही बिघडत नाही. एमटेकसाठीच्या गेट परीक्षेला वयाची अटच नाही, स्कोअर तीन वर्षं चालतो. छोट्या आणि मध्यम कंपन्यांत काम येतं का ते बघतात. मुलाखतीत तारखा फिरवायच्या नाहीत, मार्कशीटवर प्रत्येक सेमिस्टरचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, व्हेरिफिकेशनला ते निघतंच आणि मग उशिरामुळे नाही, खोटेपणामुळे नोकरी जाते. तिथेही एकच वाक्य, "गणिताचे विषय राहिले, दोन वर्षं जास्त लागली, त्या काळात हे हे काम केलं." पुढे त्यांना बोलू दे.

आणि एक शक्यता जी कोणी मोठ्याने बोलत नाही, ही डिग्री तुझ्यासाठी नसेल. तीन विषयात मला तसं वाटत नाही, पण चौदा-पंधरा बॅक असलेली, मुदत संपत आलेली पोरं केवळ लोक काय म्हणतील म्हणून कॉलेजला चिकटून असतात. त्यांना मी मुक्त विद्यापीठाचा विचार करायला सांगते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, तिथली बीए स्पर्धा परीक्षेला चालते, आणि २०२२ पासून यूजीसीने एक रेग्युलर आणि एक मुक्तची अशा दोन डिग्र्या सोबत करायला परवानगी दिलीय, म्हणजे हे न सोडता ते सुरू करता येतं.

मुलींचं गणित वेगळं असतं, एक-दोन ओळीत सांगते कारण वाचणाऱ्यांत मुलीही असतील. मुलाला उशीर झाला की "नोकरी कधी", मुलीला उशीर झाला की "आता पुरे कर". लग्नाच्या बायोडाटात बीई अपिअर लिहून मोकळे होतात आणि राहिलेले विषय मग सासरी कोणी विचारत नाही. बोलणी चालू असतील तर राहिलेल्या परीक्षेची तारीख बैठकीत, दोन्हीकडच्या लोकांसमोर बोलून घ्या, ती मामांकडून बोलवून घेतली तर अजून चांगलं. धडगाव, अक्कलकुव्याकडून, नंदुरबारच्या आदिवासी भागातून येणाऱ्या मुलांना घरून फारसं कोणी बोलत नाही, घरातलं पहिलंच शिकणारं पोर असतं, त्यांना टोचतं ते हॉस्टेलवर. आणि नापास झालं की वसतिगृहाची जागा धोक्यात येते, म्हणून त्यांनी निकाल लागल्या लागल्या गृहपालांना भेटायचं, वाट बघायची नाही.

शेवटचं, हे तुझ्या पत्रात नाही पण मी सगळ्यांना विचारते. झोप उडालीय का, जेवण तुटलंय का, निकालाच्या आदल्या रात्री आपण नसलो तर बरं असा विचार येतो का? येत असेल तर लग्न, नाना, एम थ्री सगळं बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन लाव, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री पण. कॉलेजला समुपदेशक कोण आहे विचार, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत तो असायलाच पाहिजे असं २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, नसेल तर निदान तुझ्या जवळच्या सरांना सांग. निकालाच्या दिवशी एकट्याने रूमवर बसून पोर्टल रिफ्रेश करायचं नाही, रूम पार्टनरला शेजारी बसव.

ह्या आठवड्यात एवढं कर. एक्झाम फॉर्मची तारीख बघ, गेली असेल तर लेट फीने भरता येतो का ते विचार, मागच्या फोटोकॉपीची मुदत असेल तर अर्ज टाक. शिपाईकाका काही बोलले तर म्हण, हो काका, इथंच आहे, सही कुठे करायची. आणि रविवारची चोपड्याची बस पकड, मार्कशीटची फाइल बॅगेत वरच ठेव.